किती वेळा थांबतं?

मी बऱ्हाणपूरची आहे असं सांगितलं की मंडळातली मुलं दोन प्रश्न विचारतात. पहिला, "तू मध्य प्रदेशची, मग तुझं मराठी इतकं बरं कसं?" आणि दुसरा, "मुमताज तिकडेच वारली ना?" हो, १६३१ मध्ये तिकडेच वारली. आग्र्याला नेण्याआधी सहा महिने तिला तापीपलीकडच्या आहूखान्यात ठेवलं होतं. आणि मराठीचं म्हणाल तर रावेर आमच्यापासून तासाभरावरही नाही. आम्ही घरात मराठी बोलतो, गल्लीत हिंदी आणि भांडताना दोन्ही.

या अंकासाठी संपादकांना माझ्याकडून कुंडी भंडाऱ्यावर लेख हवा होता. तो पुढच्या वेळी नक्की देईन. कारण गेल्या सत्रात हॉस्टेलमधल्या दोघींनी आणि एका ज्युनियरने मला एकच प्रश्न विचारला, "दीदी, गेमिंगसाठी कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ?" माझ्याकडे डेस्कटॉप आहे हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. दरवेळी मी "निवांत सांगते" म्हणून टाळलं. एका ओळीत सांगता येत नाही म्हणून टाळलं, आणि सांगायला बसले की साडेआठ हजार रुपयांची गोष्ट सांगावी लागते म्हणूनही.

आमचा कॉम्प्युटर २०२० चा. लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाइलवर गेली आणि घरात मोबाइल एकच, तोही पप्पांचा. पप्पा पॉवरलूमवर विणकर आहेत. त्या दिवसांत लूमही बंद होते. तरीही काकांकडून काही पैसे घेऊन त्यांनी मला असेंबल केलेला पीसी आणून दिला. त्यात आय-थ्री १०१०० प्रोसेसर, आठ जीबी रॅमची एकच पट्टी आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस होता. ग्राफिक्स कार्ड नव्हतंच. प्रोसेसरमध्येच जी थोडीफार सोय असते तिच्यावर क्लास चालायचे, यूट्यूब चालायचं. गेम मात्र चालायचे नाहीत.

गेमचं वेड मला लागलं ते 'राजी'मुळे. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने केलेला हा गेम २०२० मध्ये आला. सर्कशीत खेळ करणारी राजी नावाची मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधायला निघते. राजस्थानी वाडे, जाळीच्या खिडक्या, मधेच कळसूत्री सावल्यांतून सांगितलेली गोष्ट. पुण्यातल्या कुणीतरी असलं काही करतं हेच मला नवीन होतं. आमच्या कॉम्प्युटरवर ती राजी उडी मारायची, हवेत अडकायची, आणि मी कंटाळून खिडकीबाहेर बघून परत येईपर्यंत खाली उतरलेली नसायची.

बारावीला माझा कॉम्प्युटर विषय होता. डिसेंबर २०२२ मध्ये एका संध्याकाळी मी पप्पांना म्हणाले, "कोडिंगला ग्राफिक्स कार्ड लागतं. सगळ्यांकडे आहे." दोन्ही वाक्यं खोटी. बारावीच्या कोडिंगला काहीही लागत नाही, आणि 'सगळे' म्हणजे वर्गातला एक मुलगा. पप्पांनी फक्त किती लागतील एवढं विचारलं.

आधी आम्ही गावातल्याच एका दुकानात गेलो. दुकानदाराने मला न विचारता पप्पांना सांगितलं, "भाईसाब, हे घ्या, चार जीबीचं कार्ड आहे. बच्ची खूश होईल." ते जीटी ७३० होतं. २०१४ मध्ये आलेलं कार्ड, त्याला चार जीबीची मंद मेमरी लावून खोक्यावर '४ जीबी' मोठ्या अक्षरांत छापलेलं. छोट्या गावांत आजही कार्ड असंच विकलं जातं, जीबीवर. हे म्हणजे पाण्याची टाकी केवढी ते सांगायचं आणि तोटी कितीशी ते लपवायचं. एवढं मला माहीत होतं. मी "हे नको" म्हणाले. पप्पांना माझा अभिमान वाटला असावा, कारण बाहेर आल्यावर त्यांनी मला मावा जिलेबी खाऊ घातली. ती जिलेबी मला अजून टोचते.

मग मी जास्त हुशारी केली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते 'खणण्याचा' धंदा एका दिवसात संपला. वर्षानुवर्षं रात्रंदिवस राबवलेली कार्डं जगभर सेकंडहँड बाजारात आली. आपल्याकडेही आली. ओळखीच्या ओळखीतल्या एका मुलाकडे आरएक्स ५८० होतं, आठ जीबीचं. "घरीच वापरलंय, सहा महिने फक्त," तो म्हणाला. साडेआठ हजार. मी व्हिडिओ पाहून सगळे आकडे पाठ केले होते. नव्या जीटीएक्स १६५० पेक्षा स्वस्त, मेमरी दुप्पट, फ्रेम जास्त. पप्पांनी पैसे मोजून दिले.

घरी आल्यावर तपासलं, तर कार्डात २३०४ ऐवजी २०४८ शेडर निघाले. एएमडीने चीनच्या बाजारासाठी ५८० चं एक कापलेलं रूप काढलं होतं, खरं म्हणजे ते आरएक्स ५७० च. नाव तेच, खोकं नव्हतंच. मी कुणाला काही बोलले नाही. बोलणार काय? चालत तर होतं. राजी आता उडी मारायची आणि खालीही यायची.

अडीच-तीन महिने बरे गेले. मग ऊन तापायला लागलं. बऱ्हाणपूरचा मे महिना ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना एवढंच सांगते की दुपारी दोन वाजता आमच्या खोलीतली भिंत हाताला गरम लागते. ५८० ला १८५ वॅट लागतात. जीटीएक्स १६५० ला ७५ लागतात, तिच्या बऱ्याच मॉडेलना तर वेगळी वायरही जोडावी लागत नाही. हा फरक मी व्हिडिओत पाहिला होता आणि 'विजेचं बिल थोडं वाढेल' म्हणून सोडून दिला होता. तो फक्त बिलाचा नसतो. ते १८५ वॅट आधी फुकट आलेल्या एसएमपीएसमधून यावे लागतात आणि मग उष्णता होऊन खोलीतून बाहेर जावे लागतात. आमच्याकडे दोन्हींची बोंब. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट व्हायचा. नंतर स्क्रीनवर हिरवे-गुलाबी चौकोन यायला लागले. एक दिवस चित्रच आलं नाही.

पप्पांनी रात्रपाळीहून आल्यावर कार्ड काढायला लावलं. चष्मा लावून, लूमचे बारीक स्क्रू काढायचा पेचकस घेऊन त्यांनी ते उघडलं. आत पंख्यामागच्या पत्र्यांमध्ये करड्या रंगाचा नमदा बसला होता. धूळ नव्हे, रुई. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना लूम आहेत, हवेत दिवसभर कापसाचे तंतू उडतात, पप्पांच्या केसांत येतात, आईच्या पिठाच्या डब्यावर बसतात. ते कार्डाच्या पंख्याने तीन-चार महिने ओढून घेतले होते. पप्पांनी ब्रशने सगळं काढलं, पुन्हा बसवलं. चित्र आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणाला तरी विचारून थर्मल पेस्ट आणली, परत उघडलं. तेव्हाही नाही.

"अभ्यास थांबला असेल तुझा बेटा," ते खाली बघतच म्हणाले. "दुसरं पाहू काहीतरी."

मला ते सहन झालं नाही. "पप्पा, ते अभ्यासाला नव्हतं. गेम खेळायला होतं."

ते स्क्रू लावत राहिले. चारही लावून झाल्यावर म्हणाले, "साडेआठ हजार?"

"हो."

ते आंघोळीला गेले. मग तीन दिवस माझ्याशी जेवणापुरतंच बोलले. आई म्हणाली, "ओरडले असते तर बरं झालं असतं गं." पप्पांची मजुरी मीटरवर आहे, जेवढं कापड उतरतं तेवढे पैसे. साडेआठ हजार म्हणजे किती मीटर, ते त्या तीन दिवसांत मी हिशोब करून पाहिलं. तो आकडा इथे लिहीत नाही.

चौथ्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "ते चालायचं तेव्हा किती वेळा थांबायचं?"

मला वाटलं ते बिघाडाबद्दल विचारतायत. मी म्हणाले, "थांबायचं नाही, साठ एफपीएस यायचे. म्हणजे सेकंदाला साठ चित्रं."

"ते वेग झाला. थांबायचं किती वेळा?"

आणि मग त्यांनी लूमचं सांगितलं. त्यांचा लूम मिनिटाला सव्वाशेच्या आसपास चालतो, म्हणजे धोटा तेवढ्या वेळा इकडून तिकडे जातो. शेजारच्याने पट्टा-पुली बदलून आपला दीडशेवर नेलाय. "पण त्याचा धागा तुटतो. तुटला की लूम थांबतो, तो उठतो, धागा जोडतो, परत चालू. पाहणाऱ्याला वाटतं काय पळून राह्यला! संध्याकाळी मोजलं तर कापड माझं जास्त. आणि त्याच्या कापडात जिथे थांबला तिथे पट्टी दिसते."

ती पट्टी दिसते हे ऐकल्यावर मी उठून वही काढली. आता ज्युनियर मंडळींनी इथून पुढे नीट वाचावं, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

सेकंदाला साठ फ्रेम म्हणजे एका फ्रेमला सरासरी १६.७ मिलिसेकंद. पण सरासरी कशी बनते बघा. समजा ५९ फ्रेम १५ मिलिसेकंदांत आल्या आणि एक फ्रेम ११५ मिलिसेकंद अडकली. ५९ गुणिले १५ म्हणजे ८८५, अधिक ११५, बरोबर १०००. सेकंदात साठ फ्रेम झाल्या! कोपऱ्यात आकडा ६० दिसणार, आणि तुम्हाला दर सेकंदाला एक धक्का बसणार. नेमकं तेव्हाच समोरून कुणीतरी गोळी झाडलेली असते. म्हणून कार्डांची तुलना करणारे जाणकार सरासरीशेजारी 'वन पर्सेंट लो' नावाचा दुसरा आकडा देतात, सगळ्यांत मंद एक टक्का फ्रेमवरून काढलेला. व्हिडिओत तो खालच्या ओळीत, बारीक असतो. मी तो आयुष्यात कधी वाचला नव्हता. पप्पांनी कार्ड काय ते माहीत नसताना विचारला.

माझं ५८० जिवंत असताना मी काही दिवस एमएसआय आफ्टरबर्नर लावून आकडे उतरवले होते. ते परत काढून पाहिले. सरासरी बरी, खालचा आकडा तिच्या निम्म्याहूनही कमी. यात सगळा दोष कार्डाचा नव्हता. रॅमची एकच पट्टी असली की प्रोसेसरला माहिती एकाच वाटेने मिळते, दोन असल्या की दोन वाटांनी. नंतर मी तेवढीच दुसरी पट्टी घातली तेव्हा हे पटलं. धक्के कमी करायचा सगळ्यांत स्वस्त उपाय तोच आहे आणि त्यावर कुणी व्हिडिओ बघत नाही. तसंच, 'व्हॅलोरंट'सारखा हलका गेम मुख्यतः प्रोसेसरवर चालतो, तिथे महागडं कार्ड घालून काही मिळत नाही. तपासायचं असेल तर गेमचं रेझोल्यूशन कमी करून बघा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडतंय, नाही वाढल्या तर प्रोसेसर. फुकटची परीक्षा आहे, पैसे मोजण्याआधी करा.

पुढे मी बीएला मुंबईत आले (कोडिंग गेलं ते गेलंच). हॉस्टेलजवळच्या तीन मुलांच्या शिकवण्या धरल्या आणि वर्षभर पैसे साठवले. त्या वर्षात मी कार्डांबद्दल जेवढं वाचलं तेवढं अर्थशास्त्राबद्दल वाचलं असतं तर पहिली आले असते.

पहिल्यांदा यादीतून गेलं ते आरएक्स ६५०० एक्सटी. दिसायला नवं, २०२२ चं, स्वस्त. पण त्याची मदरबोर्डशी बोलण्याची वाट चारच पदरी आहे, आणि मेमरी चारच जीबी. नव्या बोर्डावर ती वाट निदान वेगवान असते, आमच्यासारख्या पीसीआय ३.० च्या जुन्या बोर्डावर वेग निम्मा होतो. गेमला चार जीबी पुरले नाहीत की उरलेलं सामान कॉम्प्युटरच्या रॅममध्ये ठेवावं लागतं आणि त्या बोळातून ने-आण करावी लागते. तिथे धागा तुटतो. म्हणजे ज्याच्याकडे जुना कॉम्प्युटर आहे आणि पैसे कमी आहेत, नेमकं त्याच्याकडेच हे कार्ड सगळ्यांत वाईट चालतं. स्वस्त वस्तू गरिबालाच महाग पडते हे मी एका कार्डाच्या आकड्यांत पाहिलं.

जीटीएक्स १६५० वर माझा जीव होता. ७५ वॅट, ना वायर ना कटकट, आमच्या घराला शोभणारं. पण तेही चार जीबीचं आणि २०१९ चं, आणि नवं घ्यायचं तर भाव मात्र उतरत नव्हता. एसएमपीएस बदलणं शक्यच नसेल तर आजही हेच घ्या, वापरलेलं मिळालं तर बघून घ्या, आणि सेटिंग खाली ठेवा.

खरी लढत आरटीएक्स ३०६० आणि आरएक्स ६६०० यांच्यात झाली, दोन्ही २०२१ ची. ३०६० ला बारा जीबी मेमरी, एनव्हिडियाचं डीएलएसएस, म्हणजे लहान चित्र काढून ते हुशारीने मोठं करायचं तंत्र. रे ट्रेसिंगमध्येही ते पुढे. १७० वॅट. ६६०० ला आठ जीबी, रे ट्रेसिंग यथातथा, पण साध्या गेममध्ये ते ३०६० च्या जवळपास चालतं आणि १३२ वॅट घेतं. दुकानात विचारलं तर दोघांत पाच-सहा हजारांचा फरक. दोन्हीकडचे कोर मोजून तुलना करायला जाऊ नका, एनव्हिडियाचे ३५८४ आणि एएमडीचे १७९२ ही एकाच मापाची भांडी नाहीत. मोजायची ती फ्रेम, आणि खालची ओळ. तोवर आरटीएक्स ४०६० पण आलं होतं, फक्त ११५ वॅटचं. सगळ्यांत शहाणं तेच असावं, पण ते माझ्या तीन शिकवण्यांच्या बाहेर होतं.

गंमत अशी, की मी पप्पांना जे खोटं सांगितलं होतं ते खरं करायचं असतं तर ३०६० घ्यायला हवं होतं. थ्रीडीचं काम, मशीन लर्निंग, या गोष्टी एनव्हिडियाच्या क्यूडावर बेतलेल्या असतात. तुम्हाला खरोखर ते शिकायचं असेल तर फ्रेमचा हिशोब सोडा आणि जास्तीचे पैसे घाला. मी गेमसाठी घेत होते. या वेळी निदान स्वतःशी तरी खरं बोलायचं होतं.

घ्यायच्या आधी फोनवर सगळं पप्पांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "वीज देणारा तो डबा तोच ठेवणार?" म्हणजे एसएमपीएस. मी म्हणाले, आता कार्ड कमी वीज घेतं, चालून जाईल. "मोटर नवी आणि वायर जुनी ठेवून राह्यली तू," ते म्हणाले. विषय संपला. मी साडेआठ हजार त्यांना परत देण्यासाठी वेगळे ठेवले होते. ते घेईनात. शेवटी त्यातलेच काही घालून चांगल्या कंपनीचा, ८० प्लसचा शिक्का असलेला एसएमपीएस घेतला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेले. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावाने विचारलं तर कुणी सांगत नाही. सोबत वर्गातला एक मित्र होता. चारही दुकानांत दुकानदार त्याच्याशी बोलले. त्याला यातलं ओ की ठो कळत नाही. चौथ्या दुकानात मी विचारलं, "सीलबंद आहे का, आणि वॉरंटी बिलाच्या तारखेपासून का?" तेव्हा माझ्याकडे बघितलं. बिल माझ्या नावावर केलं.

दिवाळीला कार्ड ओढणीत गुंडाळून, बॅग मांडीवर घेऊन गाडीत बसले. रावेरनंतर केळीच्या बागा सुरू झाल्या तेव्हा उजाडत होतं.

बसवायला पप्पा होतेच. त्यांनी कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला आईच्या जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून लावला, रुई अडायला. हवा थोडी कमी जाते, तापमान तीन-चार अंशांनी वाढतं, मी मोजलं. पण जाळी शुक्रवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, काढून झटकता येते. जगातल्या कुठल्याही व्हिडिओत बऱ्हाणपूरच्या गल्लीसाठी कार्डाची तुलना केलेली नाही, ती आमची आम्हीच केली.

संध्याकाळी 'राजी' लावला. पप्पा शेजारी मोड्यावर बसले, एक हात कॅबिनेटच्या मागे, गरम हवा येते तिथे धरून. लूमचं बेअरिंग तापलंय का ते बघायला ते असाच हात धरतात. राजी भिंतीवरून धावली, खांबाला गिरकी घेतली, उतरली. त्यांनी गोष्ट विचारली, मी सांगितली. भाऊ सापडतो का, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, अजून तिथवर पोचलेच नाही. अर्धा-पाऊण तास ते बसून होते. हात काढला नाही.

मग लाइट गेली.

अंधारात ते म्हणाले, "किती वेळा थांबलं?"

"एकदा. हे आत्ता."

"हे धरायचं नाही," पप्पा म्हणाले आणि मेणबत्ती शोधायला उठले.